मातृभाषेचा रकाना

फेब्रुवारी १९९१ मधली गोष्ट. रोह्याहून पश्चिमेला कुंडलिका रुंदावत खाडी होते, त्या बाजूच्या एका आगरी गावात मी जनगणनेचे काम करीत होतो. प्राथमिक शिक्षकाच्या वाट्याला येणारी जी अनेक कामे असतात, त्यांतले हे एक. एका घराच्या पडवीत सत्तरीच्या एक आजी सुक्या मासळीची राखण करीत बसल्या होत्या. नाव, वय, लग्न, शिक्षण असे रकाने भरत मी मातृभाषेपाशी आलो.

"आजी, तुमची मातृभाषा कोणती?"

"म्हंजी?"

"लहानपणी आई तुमच्याशी कोणत्या भाषेत बोलायची?"

"आमची आगरी. दुसरी कंची?"

मी रकान्यात 'मराठी' लिहिले आणि पुढच्या प्रश्नाकडे वळलो.

मला तसे लिहायला कोणीही सांगितले नव्हते. उलट, प्रगणकांना दिलेली सूचना अगदी स्पष्ट होती. माणूस जे नाव सांगेल तेच लिहायचे. ती भाषा आहे की दुसऱ्या भाषेची बोली, हे ठरवणे प्रगणकाचे काम नाही. ही सूचना मी प्रशिक्षणात ऐकली होती, कागदावर वाचली होती. तरीही हात आपोआप 'मराठी'कडे गेला. मी मराठी शिकवणारा माणूस. 'आगरी' ही माझ्या लेखी मुलांच्या वहीत लाल शाईने सुधारायची गोष्ट होती. 'काला'चे 'काळा' करायचे, 'घोरा'चे 'घोडा' करायचे, 'माना'चे 'मला' करायचे. त्या दिवशी मी जनगणनेच्या फॉर्ममध्येही तेच केले. त्या गावात मी जवळपास सगळ्याच घरांत तसे केले असणार.

निवृत्तीनंतर भाषांच्या नावांविषयी वाचू लागलो तेव्हा हा प्रसंग पुन:पुन्हा आठवू लागला. भाषेला काय म्हणायचे यावरून आपल्याकडे निवडणुका लढल्या गेल्या, माणसे मेली, घटना बदलली. या साऱ्याचा रोह्यासारख्या तालुक्याच्या गावाशी काय संबंध, असे आधी वाटले. पण संबंध माझ्या शेजारीच होता.

एका गावात किती नावे

रोह्याच्या बाजारपेठेत उभे राहून 'तुम्ही घरात काय बोलता?' असे विचारत गेलो तर निदान पाच उत्तरे मिळतील. कुणबी आणि ब्राह्मण घरांत 'मराठी' म्हणतील. खाडीकाठाचे 'आगरी' किंवा 'कोळी' म्हणतील. डोंगराकडून मोळ्या घेऊन येणारे 'कातकरी' म्हणतील. मुसलमान मोहल्ल्यातले जुने लोक 'कोकणी' म्हणतील, आणि त्यांची नातवंडे बहुधा 'उर्दू'. शिवाय आणखी एक उत्तर आज रोह्यात ऐकू येणे अवघड, पण ते इथलेच आहे. बेने इस्रायली घरे इथे पिढ्यानपिढ्या नांदली. रोहेकर, पेणकर, अष्टमकर ही त्यांची आडनावे आपल्या गावांची, अगदी पुलापलीकडच्या अष्टमीचीसुद्धा. त्यांच्या बोलण्याला परदेशी अभ्यासकांनी 'ज्यू-मराठी' असे नाव दिले. ते स्वत: त्याला मराठीच म्हणत आले. इस्रायलला गेल्यावर त्यांनी मराठी नियतकालिक काढले, त्याचे नाव 'मायबोली'.

कुंडलिकेच्या मुखाशी, रेवदंड्याच्या समोर कोर्लई आहे. तिथल्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून झालेली एक भाषा आजही बोलली जाते. पोर्तुगीजांनी १७४० साली चौल मराठ्यांच्या हवाली केले, आणि ती वस्ती मागे राहिली. भाषाशास्त्रज्ञ तिला 'कोर्लई क्रिओल पोर्तुगीज' म्हणतात. बोलणारे तिला 'नौ लिंग' म्हणतात. अर्थ एवढाच, की 'आपली भाषा'.

आजींनीही 'आमची आगरी' म्हटले होते. बोलणाऱ्याला बहुतेक वेळा 'आमची' एवढे पुरते. नावाची गरज पडते ती बाहेरच्याला. पाद्र्याला, सर्वेक्षकाला, सरकारला. म्हणून नाव बऱ्याचदा बाहेरचा ठेवतो, आणि ठेवताना आपल्या सोयीने ठेवतो.

जातीची नावे, प्रांताची नावे

जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा सातवा खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. तो पूर्णपणे मराठीला वाहिलेला आहे आणि तो मुख्यत: स्टेन कोनो या नॉर्वेजियन पंडिताने सिद्ध केला. त्या खंडात आपल्या कुलाबा जिल्ह्याचे, म्हणजे १९८१ पासूनच्या रायगडचे बोलणे 'कोकणातील प्रमाण मराठी' या मथळ्याखाली येते. त्या मथळ्याच्या पोटात जी नावे आहेत ती वाचण्यासारखी आहेत: परभी, कोळी, कुणबी, आगरी, धनगरी, भंडारी, ठाकरी. कातकऱ्यांची बोली निराळी काढलेली आहे.

ही जवळजवळ सगळी जातींची नावे आहेत. एकाच गावातल्या दोन आळ्यांत दोन बोली असतातही. ते खोटे नाही. पण ज्या बोलण्याला प्रांताचे नाव मिळाले ती 'भाषा' झाली आणि ज्याला जातीचे नाव मिळाले ती 'बोली' राहिली, ही वाटणी नुसती उच्चारांची नव्हे. पुण्याच्या विशिष्ट वर्गाच्या बोलण्यावरून प्रमाण मराठी घडली, तिला कोणी त्या जातीचे नाव दिले नाही. तिला 'मराठी' म्हटले. मिठागरात राबणाऱ्याच्या बोलण्याला मात्र 'आगरी' म्हटले.

याच्या उलटचे उदाहरण गोव्यात, आणि तीनशे वर्षे आधी सापडते. तिथे ब्राह्मणांच्या बोलण्यालाच जातीचे नाव मिळाले होते. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. त्याच्या प्रस्तावनेत ते आपली भाषा मराठी असल्याचे सांगतात, आणि तिच्यात इथल्या ब्राह्मणांच्या बोलीतले शब्द मिसळल्याचेही सांगतात. त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये त्यांचे ख्रिस्ती धर्मशिक्षणाचे पुस्तक निघाले. त्याच्या शीर्षकात भाषेचे नाव 'ब्रामण कानारी' या अर्थाचे आहे. १६४० मध्ये व्याकरण निघाले, त्याच्या शीर्षकात नुसते 'कानारी'. कानडा मुलुखाशी जोडलेले हे नाव पोर्तुगीजांनी गोव्याच्या माणसांना आणि भाषेला सरसकट लावले होते. म्हणजे एकच लेखक, एकच प्रदेश, आणि पुराणाला एक नाव तर व्याकरणाला दुसरे. पुढे वाद पेटला तेव्हा स्टीफन्स दोन्ही बाजूंचे साक्षीदार ठरले. मराठीवाद्यांनी पुराण दाखवले, कोंकणीवाद्यांनी व्याकरण दाखवले. दोघांचाही पुरावा खरा होता.

एका अनुस्वाराचे अंतर

'कोकणी' आणि 'कोंकणी' यांत लिहिताना एका अनुस्वाराचे अंतर आहे. रोह्याचा माणूस मुंबईला गेला की 'कोकणी माणूस' होतो. त्याची भाषा मात्र कोंकणी नाही. ग्रिअर्सन यांच्या खंडाने ही विभागणी नेमकी केली होती. मुंबईपासून राजापूरपर्यंतचे बोलणे मराठीचे कोकणी रूप, आणि त्याच्या दक्षिणेला कुडाळीचा पूल ओलांडला की कोंकणी. मात्र तीही त्यांनी मराठीचीच बोली मानली.

हे 'मराठीचीच बोली' मान्य नसणारे लोक तेव्हाही होते. कुन्य रिव्हार या पोर्तुगीज अधिकाऱ्याने १८५८ मध्ये कोंकणीच्या इतिहासावर निबंध लिहून तिचा कैवार घेतला होता. मुंबईत नोकरी करणारे वामन रघुनाथ वर्दे वालावलीकर, म्हणजे शणै गोंयबाब (१८७७–१९४६), यांनी आयुष्य त्यासाठी वेचले. १९३९ मध्ये कारवारला पहिली कोंकणी परिषद भरली. १९४२ मध्ये सुमित्र मंगेश कत्रे यांनी कोंकणीच्या घडणीवर ग्रंथ लिहून ती स्वतंत्र भाषा असल्याचे शास्त्रीय अंगाने मांडले.

महाराष्ट्रात मात्र दुसरी बाजू सरकारी शिक्क्याने पुढे येत होती. अ. मा. घाटगे हे थोर भाषाशास्त्रज्ञ. मराठीच्या बोलींची पाहणी करणारी त्यांची इंग्रजी ग्रंथमाला राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाने काढली. १९६३ मध्ये निघालेल्या तिच्या पहिल्याच पुस्तकाचा विषय होता दक्षिण कानड्यातील कोंकणी. आतली सामग्री काटेकोर आहे. त्या वेळच्या राजकारणाचा निकाल मात्र मालेच्या नावातच लागून गेला होता.

कारण गोवा १९६१ च्या डिसेंबरात मुक्त झाला होता आणि त्याने महाराष्ट्रात यावे की नाही हा प्रश्न उभा होता. गोव्याची भाषा मराठीची बोली असेल तर भाषावार प्रांतरचनेच्या न्यायाने गोवा महाराष्ट्राचा. स्वतंत्र भाषा असेल तर गोवा स्वतंत्र. व्याकरणातला एक मुद्दा असा सरहद्दीचा मुद्दा झाला. १६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. केंद्रशासित राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ आणि विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली. फरक ३४,०२१ मतांचा. मतपत्रिकेवर भाषेचे नाव नव्हते, तरी लोक त्याचेही उत्तर देत होते.

योगायोग असा, की त्याच वर्षी मार्चमध्ये युगोस्लाव्हियातील क्रोएशियन लेखकांनी आणि संस्थांनी आपल्या भाषेच्या नावाविषयी जाहीरनामा काढला. राज्य तिला 'सर्बो-क्रोएशियन' म्हणत होते. त्यांचे म्हणणे, आमच्या भाषेचे नाव क्रोएशियन. आज तो देश उरलेला नाही, आणि एकमेकांना सहज समजणारे तेच बोलणे सर्बियन, क्रोएशियन, बोस्नियन आणि माँटेनिग्रिन अशा चार नावांनी ओळखले जाते.

गोव्यात पुढचे टप्पे एकामागून एक आले. २६ फेब्रुवारी १९७५ रोजी साहित्य अकादमीने कोंकणीला स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली. राजभाषेच्या मागणीसाठी उग्र आंदोलन झाले, डिसेंबर १९८६ मध्ये त्यात बळी गेले. ४ फेब्रुवारी १९८७ रोजी राजभाषा कायदा संमत झाला. कोंकणी राजभाषा, आणि मराठीच्याही शासकीय वापराला मुभा. त्या कायद्याने कोंकणीची व्याख्याही केली: देवनागरीत लिहिलेली कोंकणी. रोमी लिपीत पिढ्यानपिढ्या लिहिणाऱ्या, तियात्र करणाऱ्या कोंकणी माणसांना आपण या व्याख्येबाहेर पडलो असे वाटले आणि तो वाद अजून मिटलेला नाही. नाव मिळवण्यासाठी जे एकत्र लढले, त्यांच्यातच ते नाव मिळताना एक नवी रेघ ओढली गेली.

२० ऑगस्ट १९९२ रोजी लोकसभेने एकाहत्तरावी घटनादुरुस्ती मंजूर केली आणि कोंकणी, मणिपुरी व नेपाळी यांना आठव्या अनुसूचीत जागा मिळाली. तिघींमध्ये नेपाळीच्याही नावावरून झगडा होता. दार्जिलिंगचे सुभाष घिसिंग यांना 'नेपाळी' हे नाव परक्या देशाचे वाटे. भारतीय गुरख्यांची भाषा 'गोरखाली' म्हणून नोंदवा, अशी त्यांची मागणी होती. भाषा तीच असली तरी नाव बदलले की बोलणाऱ्याचा देश बदलल्यासारखे होते, ही त्यांची भीती होती.

रकान्यातून तक्त्यात

आता पुन्हा जनगणनेकडे येतो. घरोघर लिहिलेले नाव छापील तक्त्यात कसे जाते, हे मी माझ्या चुकीनंतर बऱ्याच वर्षांनी समजून घेतले.

२०११ च्या जनगणनेत देशभरातून १९,५६९ निरनिराळी नावे मातृभाषेच्या रकान्यात आली. त्यांची छाननी होऊन १,३६९ मातृभाषा ठरल्या. त्यांपैकी दहा हजारांहून अधिक बोलणारे असलेल्या २७० मातृभाषा निवडल्या आणि त्यांचे गट पाडून १२१ भाषा झाल्या. दहा हजारांच्या आतले सारे 'इतर'मध्ये.

या गटांत आपल्याला चकित करणाऱ्या गोष्टी आहेत. कुडाळचा माणूस जर 'मालवणी' म्हणाला, तर त्याची मोजणी कोंकणीखाली होते. महाराष्ट्रातल्या शाळेत आम्ही मालवणी ही मराठीची बोली म्हणून शिकवतो, मच्छिंद्र कांबळींच्या नाटकाला आपण मराठी नाटक म्हणतो. केंद्राच्या तक्त्यात मात्र मालवणी पलीकडे बसते. जळगावचा माणूस 'अहिराणी' म्हणाला, तर तो मराठीत धरला जात नाही. 'खानदेशी' नावाची वेगळी भाषा तिथे आहे आणि तिचे बोलणारे २०११ मध्ये अठरा लाखांवर होते. रोह्याच्या मोहल्ल्यातील आजोबा 'कोकणी' म्हणाले, तर त्यांचे बोलणे गोव्याहून किती वेगळे आहे याचा विचार न होता ते कोंकणीच्या रांगेत जाऊन बसतात. मराठीच्या खाली 'कोळी' हे नाव स्वतंत्र छापलेले आहे. 'आगरी' नाही.

का नाही? एक उत्तर मला ठाऊक आहे, कारण ते मीच लिहिले होते. अहिराणी माणसाने आपले नाव सांगितले आणि प्रगणकाने ते लिहिले. आगरी माणसाने कधी सांगितले नाही, आणि सांगितले तेव्हा माझ्यासारख्याने ते बदलले. पेण, उरण, पनवेल, अलिबाग, रोहा, ठाणे, कल्याण एवढ्या मुलुखात बोलली जाणारी बोली. तिच्यात गाणी आहेत, धवलारिणींची लग्नगीते आहेत, आता साहित्य संमेलने भरतात. पण किती माणसे ती बोलतात याचा सरकारी आकडा नाही. मिठागरे गेली, भातशेतीवर टाऊनशिप आल्या, गावे महानगराच्या पोटात गेली. बोली किती वेगाने आटते आहे हे सांगायचे तर आधी ती किती होती हे माहीत हवे. ते मोजण्याची संधी दर दहा वर्षांनी येत होती आणि आम्ही ती 'मराठी' लिहून घालवत होतो.

मराठीचे काय?

हे लिहिताना माझ्यातला मराठीचा शिक्षक अस्वस्थ होतो, हे कबूल करतो. 'असे एकेक नाव वेगळे काढत गेलात तर मराठीत उरेल काय?' हा प्रश्न मला मित्रांनी विचारला आहे, आणि तो फालतू नाही. भाषेच्या नावावर हे राज्य उभे आहे. आमच्या रोह्याशी ज्यांच्या बालपणाचे नाते, ते चिंतामणराव देशमुख १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडून आले. ते कुलाब्याचे खासदार होते. त्या राजीनाम्याचा अभिमान बाळगत माझी पिढी वाढली. 'मराठी' हे नाव सर्वांना पुरेल एवढे रुंद होते, म्हणून तो लढा जिंकता आला.

पण रुंद नाव आणि एकमेव नाव यांत फरक आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपण महाराष्ट्री प्राकृतापर्यंत आपले नाते सांगितले. त्याच दिवशी, त्याच निर्णयात प्राकृतालाही स्वतंत्रपणे तो दर्जा मिळाला. दोन हजार वर्षांमागच्या भाषेला तिचे नाव राहू देऊनही ती आपली पूर्वज असू शकते, हे आपल्याला चालले. मग खाडीपलीकडच्या आजीच्या भाषेला तिचे नाव राहू देऊन ती मराठीच्या कुटुंबात असणे का चालू नये? २०११ मध्ये मराठी बोलणारे ८,३०,२६,६८० नोंदले गेले. त्यात 'आगरी' असा एक पोटआकडा छापून आला असता तर वरची बेरीज एका माणसानेही घटली नसती.

गोव्याच्या इतिहासातून मी एवढेच शिकलो. तिथे आपण 'ही बोलीच' असे इतक्या ठामपणे सांगत राहिलो, की समोरच्याला 'भाषाच' असे म्हणण्यावाचून मार्ग उरला नाही. कोंकणी मराठीपासून वेगळी निघाली त्यात व्याकरणाचा वाटा आहेच. आपण तिचे नाव आदराने घेतले नाही, याचाही आहे.

पुढचा फॉर्म

२०२७ च्या जनगणनेची अधिसूचना १६ जून २०२५ रोजी निघाली. या वेळी कागदाऐवजी मोबाइलवर नोंदी होणार आहेत. माझे काही विद्यार्थी आता शिक्षक आहेत. त्यांच्यापैकी कोणीतरी त्या गावात जाईल.

मागल्या महिन्यात मी त्या घरी गेलो होतो. आजी जाऊन पुष्कळ वर्षे झाली. पडवीच्या जागी स्लॅबची खोली आहे. त्यांची पणती रोह्याच्या कॉलेजात शिकते. मी तिला तोच प्रश्न विचारला. ती हसली.

"मराठीच लिवणार ना, काका. कॉलेजात आगरीत बोलले की पोरी हसतात."

आतून तिची आई म्हणाली, "घरान त आगरीच बोलतं ती. फोनवर पन."

मी तिला काही समजावले नाही. तिचे उत्तर तिचे आहे. ती 'मराठी' म्हणाली तर 'मराठी' लिहावे, आणि तिच्या आईने 'आगरी' म्हटले तर त्याच घरात, त्याच फॉर्मात 'आगरी' लिहावे. प्रगणक म्हणून जाणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना मी एवढेच सांगणार आहे. प्रश्न नीट विचारा, उत्तर पुरते ऐका, आणि जे ऐकले तेच लिहा. १९९१ मध्ये मलाही हेच सांगितले होते.